हाड जुळत नाही, तोवर ठिसूळपणाचं औषध द्यायचं की थांबायचं?

प्रश्न थोडक्यात असा: आईंचं वय ६९, वजन ४६ किलो. पाच महिन्यांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि उजव्या दंडाचं हाड मधोमध मोडलं. ऑपरेशन करून प्लेट बसवली. परवाच्या एक्स-रेत फट अजून दिसते आणि हात उचलला की दंडात कळ येते. डेक्सा तपासणीत, म्हणजे हाडांची घनता मोजण्याच्या तपासणीत, मणक्याचा टी-स्कोअर (तरुण हाडाच्या तुलनेतला आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ठिसूळपणा) उणे ३.२ आला. एका डॉक्टरांनी वर्षातून एकदा सलाइनमधून द्यायचं झोलेड्रोनिक अ‍ॅसिड सांगितलं, दुसऱ्यांनी रोज पोटावर टोचायचं टेरिपॅराटाइड. नात्यातल्या एकांनी सांगितलं की ठिसूळपणाच्या औषधांनी हाड जुळायचं थांबतं. या गोंधळात तीन महिने गेले. फक्त कॅल्शियमची गोळी आणि रोजची गॅसची गोळी चालू आहे. आता काय करावं?

तीन महिने औषधाविना गेले हे वाचून मला काळजी वाटली. यात तुमची चूक आहे असं मात्र मी म्हणणार नाही. दोन डॉक्टर दोन औषधं सांगतात, तिसरा माणूस भीती घालतो, मग घरचे थबकतात. मी २७ वर्षं हाडांची डॉक्टर आहे आणि त्यातली बरीचशी साठीच्या पुढच्या बायकांची मोडलेली मनगटं, खुबे आणि मणके बघण्यात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आईंना मी तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा निर्णय त्यांना बघणाऱ्या डॉक्टरांचाच. पण त्यांना नेमकं काय विचारायचं, ते तुम्हाला कळलेलं असावं.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. दंडाचं हाड जुळत नाही ही एक, आणि सगळीच हाडं ठिसूळ झाली आहेत ही दुसरी. बहुतेकांना वाटतं की दुसरीमुळेच पहिली झाली. सहसा तसं नसतं. ठिसूळ हाड लवकर मोडतं, पण मोडल्यावर ते जुळतंही. सत्तरीच्या आजींचं मनगट प्लास्टरमध्ये सहा आठवड्यांत धरतं, हे हाडांच्या कुठल्याही दवाखान्यात दिसतं. ठिसूळपणाची खरी अडचण होते ती प्लेट आणि स्क्रूला. पोपडे आलेल्या भिंतीत खिळा ठोकावा आणि तो हलत राहावा, तसं पोकळ झालेल्या हाडात स्क्रूचं होतं. म्हणून पाच महिन्यांनीही फट दिसत असेल तर ‘वय झालंय, हाडं ठिसूळ आहेत’ एवढ्यावर मी थांबत नाही, कारण शोधते. आणि कारण शोधायचं म्हणून ठिसूळपणाचा इलाज बेमुदत लांबवत नाही. साध्या पडण्यानं एक हाड मोडलं की पुढची वर्ष-दोन वर्षं दुसरं मोडण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो. आज दंड आहे, उद्या खुबा असू शकतो, आणि खुब्यानं अंथरूण धरायला लावलेली माणसं मी फार पाहिली आहेत.

पाच महिने म्हणजे उशीर का? थोडा आहे. हाड मोडलं की आधी तिथं रक्ताची गाठ होते, दोन-तीन आठवड्यांत मऊ जोड तयार होतो, मग सहा ते बारा आठवड्यांत तो टणक होतो आणि पुढे वर्षभर किंवा जास्तही हाड आपला आकार सुधारत राहतं. दंडाचं हाड साधारण तीन-चार महिन्यांत कामापुरतं धरतं. ‘हाड जुळलंच नाही’ असा शिक्का मारायला मात्र सहसा नऊ महिने होऊन गेलेले असावे लागतात आणि शेवटच्या तीन महिन्यांत काहीच प्रगती नसावी लागते. म्हणजे आई अजून ‘उशिरा जुळतंय’ या गटात आहेत. आणखी एक. प्लेट घट्ट बसलेली असेल तर हाड कॅलसचा, म्हणजे जोडाभोवतीच्या नव्या हाडाचा, फुगवटा न करता थेट जुळू शकतं. त्यामुळे एक्स-रेवर फुगवटा दिसत नाही एवढ्यावरून घाबरू नका. पण आईंना हात उचलताना कळ येते, ही गोष्ट मला एक्स-रेपेक्षा जास्त बोलकी वाटते. जुळत आलेलं हाड सहसा असं दुखत नाही. शंका असेल तर त्या जागेचा सीटी स्कॅन करावा. धातूमुळे चित्र थोडं खराब येतं, तरी हाडाचा पूल किती भागात तयार झालाय ते कळतं.

आता एक्स-रे स्वतः उजेडासमोर धरून बघा. प्रत्येक स्क्रूच्या कडेला हाड चिकटून पांढरं दिसतं का, की स्क्रूभोवती बारीक काळी कड आहे? ती काळी कड म्हणजे स्क्रू सैल झालाय. पहिल्या महिन्याचा आणि आताचा एक्स-रे शेजारी-शेजारी ठेवा: एखादा स्क्रू मिलिमीटरभर बाहेर आलाय का, प्लेट किंचित वाकलीय का? असं काही दिसलं तर कोणतंही इंजेक्शन त्या हाडाला जुळवणार नाही. हलणाऱ्या जागी हाड धरत नाही. मग पुन्हा ऑपरेशन करून ठिसूळ हाडासाठीची लॉकिंग प्लेट, म्हणजे जिच्यात स्क्रू प्लेटमध्येच अडकून बसतात ती, घालावी लागते आणि बहुतेक वेळा कमरेच्या हाडातला थोडा गर काढून फटीत भरावा लागतो. ऐकायला मोठं वाटतं, पण योग्य वेळी केलं तर निकाल चांगला येतो. त्याच्याआधी जंतुसंसर्ग नाही ना, हे बघायचं. जखमेतून कधी पाणी आलं होतं का, टाक्यांच्या जागी लाली होती का, हे डॉक्टरांना आठवून सांगा. ईएसआर आणि सीआरपी या संसर्गाचा सुगावा देणाऱ्या दोन साध्या रक्ततपासण्या करून घ्या.

प्लेट घट्ट आहे, संसर्ग नाही, तरी हाड धरत नाही असं असेल तर कारण शरीराच्या कारभारात शोधायचं. २००७ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशाच, कारण न सापडणाऱ्या ३७ रुग्णांच्या तपासण्या केल्या. ३१ जणांत शरीराच्या रसायनात काहीतरी बिघाड निघाला आणि त्यात सगळ्यात जास्त होती ती ड जीवनसत्त्वाची कमतरता. त्यातल्या आठ जणांचं हाड पुढे ऑपरेशनशिवाय, नुसता तो बिघाड दुरुस्त करून जुळलं. रुग्ण थोडे आहेत, तरी हा अभ्यास वाचल्यापासून मी ऑपरेशनची तारीख देण्याआधी रक्ततपासणीचा कागद हातात घेते.

त्या कागदावर काय असावं? कॅल्शियम, फॉस्फरस, अल्ब्युमिन, अल्कलाइन फॉस्फटेज, २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, पॅराथायरॉइड हार्मोन म्हणजे पीटीएच, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखरेची तीन महिन्यांची सरासरी. वय ६९ आहे, म्हणून रक्तातल्या प्रथिनांचं इलेक्ट्रोफोरेसिस एकदा करावं. मायलोमा नावाचा रक्ताचा कर्करोग ठिसूळपणाचा वेष घेऊन येतो. सगळं मिळून काही हजारांचं बिल होतं, पण एकदाच होतं.

यात ड जीवनसत्त्वाकडे मी सगळ्यात आधी बघते. आपल्याकडच्या बायकांत ते फार कमी निघतं. आणि ते फार कमी असेल तर हाड नुसतं ठिसूळ राहत नाही, मऊ पडतं. त्याला ऑस्टिओमलेशिया म्हणतात. डेक्साचं यंत्र हे दोन आजार वेगळे करू शकत नाही, दोन्हीत टी-स्कोअर उणेच येतो. उणे ३.२ हा आकडा बघून थेट झोलेड्रोनिक अ‍ॅसिड लावलं आणि आतून आजार मऊपणाचा असला, तर रक्तातलं कॅल्शियम धाडकन खाली येऊ शकतं: ओठांना मुंग्या, हातापायांत गोळे, कधी झटकेसुद्धा. म्हणून तो कागद आधी. मऊपणात अल्कलाइन फॉस्फटेज वाढतं, पण नुसतं तेवढंच वाढलेलं दिसलं तर निष्कर्षाची घाई करू नका, कारण हाड जुळत असतानाही काही महिने ते वाढलेलं राहतं. ड कमी, पीटीएच जास्त आणि फॉस्फरसही कमी असं एकत्र दिसलं, चालताना मांड्या जड होतात, बसल्यावर हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता येत नाही, तर मऊपणाची शंका पक्की होत जाते. आईंना हे विचारा. त्या स्वतःहून सांगणार नाहीत, त्यांना ते वयाचंच वाटत असेल.

ड भरून काढायची नेहमीची पद्धत म्हणजे ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्यातून एक, आठ आठवडे, शक्यतो जेवणानंतर किंवा दुधातून. मग पुन्हा तपासणी आणि साधारणपणे महिन्याला एक. इथं कळकळीनं सांगते: ‘ताकदीची पुडी’ म्हणून दर आठवड्याला वर्षानुवर्षं ती घेणारे लोक माझ्याकडे येतात, काहींना वर ६ लाखांची इंजेक्शनंही दिलेली असतात. मग उलट्या, बद्धकोष्ठ, सुस्ती, बरळणं आणि मूत्रपिंडावर ताण. आठ आठवडे म्हणजे आठच. आणि सकाळचं कोवळं ऊन आल्हाददायक असलं तरी त्यातून ड फारसं तयार होत नाही. त्यासाठी लागणारे किरण साधारण अकरा ते तीनच्या उन्हात असतात. हात-पाय उघडे ठेवून १५-२० मिनिटं गच्चीवर बसता आलं तर बसावं. आईंच्या वयात नुसत्या उन्हावर विसंबू नये, पुडी लागतेच.

मिश्रीबद्दल मी एका बाईंकडून शिकले. सोलापूरकडच्या होत्या, साठीच्या, पायाचं हाड सात महिने जुळत नव्हतं. पहिल्या भेटीत मी विचारलं होतं, तंबाखू खाता का? ‘नाही हो बाई, आमच्या घरात कुणीच खात नाही.’ मी तसं लिहूनही ठेवलं. दोन महिन्यांनी फी द्यायला त्यांनी कमरेचा बटवा सोडला, तर त्यातून नाणी आणि बोटभर उंचीची पत्र्याची डबी टेबलावर पडली. झाकण सुटून काळी पूड सांडली. त्या पटकन पदरानं पुसायला लागल्या. ‘ही मिश्री हाय. दात घासायची.’ दिवसातून किती वेळा? सकाळी, जेवण झाल्यावर, दुपारी चहा झाला की, झोपताना. मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखूच, निकोटिन हिरड्यांतून थेट रक्तात जातं, बारक्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि हाड जुळायला लागतो तो रक्तपुरवठाच आटतो. त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं, मी चुकीच्या शब्दात विचारलं होतं. तेव्हापासून मी प्रत्येक बाईला विचारते, ‘दात कशानं घासता, आणि दिवसातून किती वेळा?’ तुम्हीही आईंना असंच विचारा, एकांतात, सुनेसमोर किंवा जावयासमोर नको. सोडायला महिना लागला तरी चालेल, रागावू नका.

जेवणाकडे वळते. ४६ किलो वजनाच्या, हाड जुळवायचं असलेल्या बाईला दिवसाला ५० ते ५५ ग्रॅम प्रथिनं हवीत. आमच्या आहारतज्ज्ञ अशा आजींचं रोजचं ताट मोजतात तेव्हा हिशोब बऱ्याचदा ३० च्या आसपास येतो: एक-दीड भाकरी, वाटीभर पातळ आमटी, थोडा भात, चार वेळा चहा. त्यातून सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. उपवासाला हरकत नाही, श्रद्धेचा प्रश्न आहे, पण साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात. हाड जुळेपर्यंत उपवासाच्या दिवशी दूध, दही, पनीर, शेंगदाण्याचा लाडू आणि राजगिरा यांवर भर द्या. एरवी रोज वाटीभर मटकीची किंवा मुगाची घट्ट उसळ, दोन पेले दूध किंवा ताजं दही, चालत असेल तर दोन अंडी. कोकणात असाल तर काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक मासळी, तिच्यात कॅल्शियमही असतं. मासिक पाळी गेल्यानंतर आपल्याकडे दिवसाला १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम सांगतात. १०० ग्रॅम नाचणीच्या पिठात साधारण ३५० मिलिग्रॅम, पेलाभर दुधात सव्वादोनशे-अडीचशे. ताटातून जेवढं येत नाही तेवढंच गोळीतून घ्यावं, गोळ्या वाढवून जास्त फायदा होत नाही.

रोजच्या गॅसच्या गोळीबद्दल तुम्ही लिहिलं ते बरं केलंत. पँटोप्रॅझोलसारख्या गोळीनं पोटातलं आम्ल कमी होतं, आणि कॅल्शियम कार्बोनेट पचायला आम्ल लागतं. वर्षानुवर्षं ती गोळी घेणाऱ्यांत हाड मोडण्याचं प्रमाणही थोडं जास्त आढळलं आहे. ती खरंच लागते का हे डॉक्टरांना विचारा. लागतच असेल तर कॅल्शियम सायट्रेट घ्या. थायरॉइडची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि कॅल्शियममध्ये चार तासांचं अंतर हवं. मधुमेहासाठी पायोग्लिटाझोन चालू असेल तर बदलून मागा, बायकांमध्ये त्यानं हाड मोडण्याचा धोका वाढतो. आणि गुडघेदुखीसाठी कुणाकडून बिननावाच्या पुड्या किंवा काळ्या गोळ्या आणल्या असतील तर त्या आजच बंद करा असं मी सांगणार नाही, उद्या डॉक्टरांकडे घेऊन जा. त्यात स्टिरॉइड मिसळलेलं असतं असं आम्हाला वारंवार आढळतं. स्टिरॉइड हाड पोखरतं, पण बरेच दिवस घेतलेलं एकदम तोडलं तर माणूस कोसळतो.

आता मुख्य प्रश्न. नातेवाइकांनी घातलेली भीती अगदीच निराधार नाही, म्हणून ती कुठून येते ते समजून घेऊ. आपल्या हाडात दोन प्रकारचे कामगार असतात. एक जुनं हाड खरवडून काढतात, दुसरे नवं घालतात. ठिसूळपणात खरवडणाऱ्यांचा जोर जास्त होतो. अ‍ॅलेंड्रोनेटची आठवड्याची गोळी किंवा झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं सलाइन या खरवडणाऱ्यांना शांत करतं. मोडलेल्या जागी पहिला जोड घालायचं काम प्रामुख्यानं दुसऱ्या गटाचं असतं, त्यामुळे ते थांबत नाही. थांबतं, म्हणजे मंदावतं, ते नंतरचं तासून आकार देण्याचं काम. जोड थोडा ओबडधोबड आणि मोठा राहतो, पण ताकदीला कमी नसतो.

हे नुसतं पुस्तकी नाही. खुबा मोडून ऑपरेशन झालेल्या २,१२७ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००७ साली आले. निम्म्यांना ऑपरेशननंतर ९० दिवसांच्या आत झोलेड्रोनिक अ‍ॅसिड दिलं, निम्म्यांना साधं सलाइन. औषध मिळालेल्यांत पुन्हा हाड मोडण्याचं प्रमाण १३.९ टक्क्यांवरून ८.६ टक्क्यांवर आलं. मृत्यूही कमी झाले, १३.३ ऐवजी ९.६ टक्के. हाड उशिरा जुळण्यात फरक नगण्य होता: औषध मिळालेल्यांत ३.२ आणि साधं सलाइन मिळालेल्यांत २.७ टक्के. दोन आठवडे उलटल्यावर दिलेल्या औषधाचा फायदा जास्त दिसला, म्हणून आम्ही ताज्या मोडीवर लगेच सलाइन लावत नाही. त्या चाचणीत आधी ड जीवनसत्त्व भरून घेतलं होतं, हे विसरू नका.

मग भीतीत तथ्य कुठं? नेमकं दंडाच्या हाडात. दंडाचं हाड मोडलेल्या १९,७३१ वृद्ध रुग्णांच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास २००९ साली आला. हाड न जुळलेले फक्त ८१ निघाले, पण मोडीनंतर अ‍ॅलेंड्रोनेट, झोलेड्रोनिक अ‍ॅसिड यांच्या गटातलं औषध चालू असलेल्यांत ते प्रमाण दुपटीहून थोडं जास्त होतं. हा नोंदींवरचा अभ्यास आहे, औषधामुळेच झालं असं त्यातून सिद्ध होत नाही, आणि दुप्पट होऊनही धोका फार छोटा राहतो. तरीही, दंडाचं हाड आधीच रेंगाळलंय आणि माझ्या हातात दुसरं चांगलं औषध आहे, अशा वेळी मी झोलेड्रोनिक अ‍ॅसिडनं सुरुवात करत नाही. मनगट किंवा खुबा वेळेवर जुळत असता तर हेच औषध मी न कचरता दिलं असतं.

दुसरं औषध म्हणजे टेरिपॅराटाइड. पॅराथायरॉइड हार्मोनचाच तो एक तुकडा आहे. रोज २० मायक्रोग्रॅम पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली, इन्सुलिनसारख्या पेननं टोचायचं. हे हाड घालणाऱ्या कामगारांना जागं करतं. टी-स्कोअर उणे ३.२, वर साध्या पडण्यानं मोडलेलं हाड, म्हणजे ठिसूळपणासाठीच ते आईंना लागू आहे. मोड लवकर जुळते का, याचं उत्तर मला तुम्हाला प्रामाणिकपणे द्यायला हवं. २०१० साली मनगट मोडलेल्या १०२ बायकांवर चाचणी झाली. औषध नसलेल्या साध्या इंजेक्शनवर जोड दिसायला ९.१ आठवडे लागले, २० मायक्रोग्रॅमवर ७.४. पण ४० मायक्रोग्रॅमवर म्हणावा असा फरक पडला नाही. खुब्याच्या मानेच्या मोडींवरच्या नंतरच्या चाचणीत फायदा दिसला नाही. म्हणजे ‘हाड जुळवायचं इंजेक्शन’ म्हणून हे औषध मंजूर नाही आणि तसं सांगून कुणी विकत असेल तर मला ते पटत नाही. माझ्या रुग्णांत रेंगाळलेली काही हाडं यावर धरलेली मी पाहिली आहेत, पण त्यांची मिश्री सुटली होती, ड भरलं होतं, प्लेट घट्ट होती. श्रेय एकट्या इंजेक्शनला देता येणार नाही.

तरीही आईंसाठी माझं झुकतं माप याच्याकडेच आहे. ठिसूळपणाचा इलाज आजपासून सुरू होतो, आणि हाड जुळण्याला अडथळा तरी नक्की होत नाही. सुरू करण्याआधी कॅल्शियम आणि पीटीएच बघायचं. कॅल्शियम आधीच जास्त असेल, हाडाला कधी रेडिएशन दिलं असेल, हाडात कर्करोग असेल किंवा पॅराथायरॉइडची गाठ असेल तर हे औषध द्यायचं नाही. स्तनाच्या कर्करोगासाठी पूर्वी रेडिएशन झालं असेल तर ते आवर्जून सांगा, लोक विसरतात. पहिले काही दिवस इंजेक्शन टोचल्यावर उभं राहताना चक्कर येऊ शकते, म्हणून रात्री झोपताना, पलंगावर बसून द्या. पायात गोळे येतात, मळमळतं, बहुतेकांचं थोड्या आठवड्यांत कमी होतं.

पेन फ्रीजमध्ये ठेवायची, बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठली की वाया. गावी नेताना थर्मासमध्ये बर्फ घालतात आणि पेन त्यालाच टेकवून ठेवतात, तसं करू नका, मध्ये कापड हवं. उघडल्यावर किती दिवस चालते ते खोक्यावर लिहिलेलं असतं, साधारण चार आठवडे. त्यानंतर उरली तरी टाकायची. महिन्याचा खर्च कंपनीप्रमाणे खूप बदलतो, म्हणून भारतीय बनावटीची कोणती चालेल हे डॉक्टरांना उघडपणे विचारा. माझ्या एका रुग्णाची सून भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोज रात्री लाल फुली मारायची आणि तपासणीला येताना ती पानंच घडी करून आणायची. अठरा महिन्यांत चार चौकोन रिकामे होते, आणि प्रत्येक रिकाम्या चौकोनात कारण लिहिलेलं: ‘लाइट गेली’, ‘लग्नाला गेलो’. एवढ्या निष्ठेनं घेतलेलं औषध काम करतं.

इतर औषधांबद्दल थोडक्यात. डेनोसुमॅब दर सहा महिन्यांनी टोचतात, हाड जुळण्यात ते आड येत नाही, पण एकदा सुरू केलं की तारीख चुकवता येत नाही आणि दुसरं औषध न देता सोडलं तर मणके एकामागून एक मोडू शकतात. ज्यांच्या घरी तारखा पाळणं अवघड आहे त्यांना मी ते देत नाही. रोमोसोझुमॅब महाग आहे, हृदयविकार किंवा पक्षाघाताच्या झटक्याचा इतिहास असेल तर टाळतात, आणि मोड लवकर जुळवण्यात त्याचा उपयोग दिसलेला नाही.

एक अपवाद मात्र ठळकपणे सांगते, आईंना लागू नसला तरी हे वाचणाऱ्या कुणाला तरी लागू असेल. अ‍ॅलेंड्रोनेटसारखी गोळी पाच-सात वर्षं किंवा जास्त चालू आहे, मांडीत किंवा जांघेत काही आठवडे बारीक दुखतंय, आणि मग चालता चालता मांडीचं हाड आडवं, खडू मोडावा तसं मोडलं. ही वेगळी मोड आहे. ती औषधाशी संबंधित असते, दुर्मीळ असते आणि जुळायला खरोखर उशीर लावते. तिथं ती गोळी थांबवायचीच, दुसऱ्या मांडीचा एक्स-रे त्याच दिवशी काढायचा, कारण तिथंही बारीक तडा असू शकतो, आणि मग टेरिपॅराटाइडचा विचार करायचा. अशी मांडी दुखते म्हणणाऱ्या बाईला ‘सायटिका असेल’ म्हणून परत पाठवू नये, ही माझी सगळ्या डॉक्टर मित्रांनाही विनंती आहे.

कांडवेलीबद्दल विचारणारच असाल. हाडजोड म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या देतात आणि प्रयोगशाळेत तिचे काही चांगले गुण दिसले आहेत. घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना सांगून घ्या, पण तिच्या भरवशावर बाकीचं थांबवू नका. मोडीच्या जागी मालीश मात्र अजिबात नको. तो भाग जितका हलेल तितका जोड मागे जाईल. बोटं, मनगट आणि कोपर मात्र फिजिओथेरपिस्टनं सांगितल्याप्रमाणे रोज हलवा, नाहीतर हाड जुळेल आणि हात अडकून बसेल.

तुमच्या जागी मी असते तर याच आठवड्यात रक्ततपासण्या आणि जुने-नवे एक्स-रे घेऊन ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडेच गेले असते आणि विचारलं असतं, ‘स्क्रू घट्ट आहेत का?’ सैल असतील तर ऑपरेशनचं बोलायचं. घट्ट असतील, तर ड कमी असल्यास त्या पुड्या आणि जेवण लगेच सुरू, कॅल्शियमचा आकडा ठीक असेल तर टेरिपॅराटाइड सुरू, महिन्यानं कॅल्शियम पुन्हा, आणि आठ आठवड्यांनी त्याच कोनातून एक्स-रे. सोळा आठवड्यांत काहीच हललं नाही तर आणखी वाट बघायची नाही. न्हाणीघरात धरायला दांडी आणि रात्री छोटा दिवा हे मात्र आजच करून घ्या, आणि झोपेची गोळी चालू असेल तर तीही डॉक्टरांना दाखवा.

टेरिपॅराटाइड जास्तीत जास्त दोन वर्षं देतात. ते बंद केलं आणि पुढे काहीच दिलं नाही तर कमावलेलं हाड वर्षभरात पुन्हा उतरायला लागतं. तेव्हा दंड जुळलेला असेल, आणि आज जे झोलेड्रोनिक अ‍ॅसिड मी बाजूला ठेवलंय त्याचीच तेव्हा गरज लागेल. मूत्रपिंड ठीक असेल, म्हणजे क्रिएटिनिन क्लिअरन्स ३५ च्या वर, दात आधी दाखवून घेतलेले असतील आणि ड भरलेलं असेल तर ते सलाइन लावायचं. दुसऱ्या दिवशी ताप आणि अंगदुखी आली तर पॅरासिटामॉल पुरते. त्या सलाइनची तारीख शेवटची पेन संपायच्या आधी ठरवून घ्या आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा.